चाक्कुण्णीसारांचा टोचाटोची-निर्मूलन कार्यक्रम

कोंबड्या थ्रेस्याच्या होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्या चाक्कुण्णीसारांच्या कधी झाल्या हे कोणालाच कळलं नाही. खुद्द कोंबड्यांनाही नाही.

झालं असं, की केरळात चालकुडीजवळच्या एका वॉर्डातल्या बायकांच्या बचतगटाने घरोघरी अंड्यांच्या कोंबड्या वाटायची योजना काढली. पंचायत कोंबड्या द्यायला तयार होती, पण म्हणाली, आधी एका घरात नमुन्याचं खुराडं चालवून दाखवा. जनावरांच्या डॉक्टर येऊन बघतील. पसंत पडलं तर वॉर्डभर वाटप, नाही पडलं तर योजना कालव्यापलीकडच्या वॉर्डाला. थ्रेस्या गटाची सेक्रेटरी. ती भर सभेत उभी राहिली आणि म्हणाली, "नमुना माझ्या परसात. काही खोट निघाली तर मी सेक्रेटरीपद सोडते!" टाळ्या पडल्या. थ्रेस्याने सभेत तोंड उघडण्याची ती पहिलीच वेळ. इतकी खूश झाली बिचारी, की घरी येताना स्वतःच्या फाटकावरून पुढे निघून गेली आणि परत फिरली.

घरात तिचा नवरा, चाक्कुण्णीसार होते. सार म्हणजे तिकडचं 'सर'. सार पाणीखात्यातून रिटायर झालेले. उभं आयुष्य त्यांनी तालुक्याला शुद्ध पाणी पाजण्यात घालवलं आणि तालुक्याने त्यांना साधं थँक्यू म्हटलं नाही. रिटायर झाल्यावर सल्ला द्यायला हाताखाली कोणी उरलं नाही, उरली फक्त बायको. ती अप्पम करायला बसली की सार मागे उभे राहून पिठाच्या आंबण्यावर बोलत. मासे साफ करायला लागली की सुरी कशी धरावी यावर बोलत. अशा माणसाच्या परसात पांढऱ्याशुभ्र कोंबड्यांचा अख्खा ताफा येऊन उतरला, तर त्याने काय नुसतं बघत बसावं?

"हे बघा," थ्रेस्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "सकाळी दाणे टाकायचे, वाडग्यात विहिरीचं पाणी ठेवायचं, आणि त्यांच्या वाटेला जायचं नाही. माझ्या आईने जन्मभर एवढंच केलं."

"विहिरीचं? कच्चं?" सारांचा आवाज चिरकला. "थ्रेस्या, या घरात कच्चं पाणी कोणी पिणार नाही. कोंबडीसुद्धा!"

त्या मुलखात तसं कोणीच कच्चं पाणी पीत नाही. पाण्यात पतिमुखमच्या लाकडाच्या ढलप्या टाकायच्या आणि खळखळून उकळायचं. पाणी छान लाल-गुलाबी होतं, पोटाला थंड पडतं. जन्मल्यापासून तेच पीत आल्यामुळे ते लाल आहे हेसुद्धा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाहुणा आला की आधी त्याचा ग्लास, मग बोलणं. आता तो कोंबड्यांना द्यायचा की नाही, याबद्दल पूर्वी कोणी विचार केला नव्हता, कारण पूर्वी कोणाच्या घरी चाक्कुण्णीसार नव्हते.

सारांनी योजनाच आखली. खुराड्याच्या छपरावर पिंप, पिंपातून कोंबड्यांच्या डोक्यावरून जाणारी लांबलचक नळी, नळीला भोकं, भोकांखाली वाट्या. पिंपात उकळून गार केलेलं पतिमुखमचं पाणी. उद्‌घाटन स्वतःच केलं, भाषणही केलं, ऐकायला कोंबड्या होत्या. नळी सांध्यासांध्यातून ठिबकत होती. थ्रेस्याने ते दाखवल्यावर सार हसले. "अगं, गळती कुठल्याही योजनेत धरलेलीच असते. आमच्या खात्यात याहून जास्त होती."

पहिले काही दिवस गोडीत गेले. मग एके सकाळी सार परसात गेले आणि ओरडत आत आले, "थ्रेस्या! एकीचं शेपूट गेलं!"

खरंच गेलं होतं. एका कोंबडीच्या मागच्या भागावर एक पीस शिल्लक नव्हतं. लालभडक कातडं दिसत होतं आणि बाकीच्या मागे लागून तिथेच टोचत होत्या. ती बिचारी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळत होती. थ्रेस्याचा चेहरा पडला. डॉक्टरांच्या भेटीची तारीख ठरलेली होती.

"सोडून देऊ या का सगळ्यांना जायफळाच्या झाडांखाली?" ती म्हणाली. "मोकळ्या फिरतील, खुराड्यात कोंडून डोकी तापली असतील त्यांची."

"डोकी तापली!" सारांना एकदम मुद्दा सापडला. "म्हणजे पाणी कमी पडतंय. मी पतिमुखम वाढवतो. रक्त थंड राहील."

त्यांनी ढलप्या दुप्पट केल्या. पाणी लालजर्द झालं. दोन दिवसांत दुसऱ्या कोंबडीचं शेपूट गेलं.

शेजारचे पोरिंचूचेट्टन, म्हणजे पोरिंचूदादा, कुंपणावरून हे सगळं बघत होते. ते दुबईत वीस वर्षं राहून आलेले, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीचं दुबईतलं उत्तर त्यांच्याकडे असायचं. ते आले, पतिमुखमचा ग्लास एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, "सार, चष्मे घाला."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"तुम्हाला नव्हे हो! कोंबड्यांना! तिथे कोंबडीला प्लास्टिकचा चष्मा लावतात. समोरचं दिसत नाही. दिसलंच नाही तर टोचणार कशाला?"

सारांना कल्पना फारच आवडली. चष्मे मागवले, आले, आणि पोरिंचूंनी कोंबडी धरायची, सारांनी चष्मा चढवायचा असं ठरलं. पोरिंचूंनी कोंबडी धरली, म्हणजे कोंबडीने पोरिंचूंना धरलं. अर्धा दिवस झटापट झाली. शेवटी सगळ्या कोंबड्या चष्मे लावून रांगेत बसल्या तेव्हा खुराडं असं दिसत होतं, जणू ग्रामपंचायतीची ऑडिट समिती बसली आहे. सार आनंदाने टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात एकीने मान वाकडी करून शेजारणीचा चष्मा उपटला. मग काय! ज्यांचे चष्मे गेले त्यांना सगळं दिसू लागलं, आणि ज्यांचे राहिले त्यांना मार कुठून येतोय हेच दिसेना. तिसरं शेपूट त्याच संध्याकाळी गेलं.

"दुबईत असं होत नाही," पोरिंचू दुखावल्या आवाजात म्हणाले आणि बोटाला चिंधी बांधून घरी गेले.

मग आल्या भार्गवीचेची, म्हणजे भार्गवीताई. थ्रेस्याच्याच गटातल्या, तीन नातवंडांना आणि एका सुनेला वळण लावलेल्या. त्यांनीही पाण्याचा ग्लास घेतला, खुराड्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "बाळाचं अंगावरचं दूध तोडताना आई काय लावते? काळा बोळ! तोच लावा यांच्या शेपटांना. एकदा तोंड कडू झालं की जन्मात टोचणार नाहीत."

सारांनी काळा बोळ उगाळला आणि प्रत्येक शेपटाला भक्तिभावाने लेप दिला. कोंबड्यांना कडू कळतं की नाही कोण जाणे, त्या लेपासकट टोचू लागल्या. कडू झालं ते घर. सारांनी हात धुतले होते, पण बोळ हाताला सोडेना. सकाळचा पुट्टू कडू, दुपारचा भात कडू, चहा कडू. थ्रेस्याने माशाची आमटी दोनदा फेकली, मग तिच्या ध्यानात आलं की मीठ घालायला डबा सारांनी उघडून दिला होता. रविवारी चर्चमध्ये सारांशी हस्तांदोलन केलेले लोक दुपारी घरोघरी जेवणावरून बायकांशी भांडले म्हणतात. थ्रेस्या तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

आणि एवढ्यावर भागेल तर ते चाक्कुण्णीसारांचं घर कसलं? एक कोंबडी अंडी फोडून खायला लागली! शेपटांचं एक ठीक होतं, पण अंडीच उरली नाहीत तर डॉक्टर बघणार काय? पोरिंचू पुन्हा कुंपणाशी हजर. "अंड्याला भोक पाडा, आतलं काढा, कांतारी मिरची भरा. एकदा खाईल, पुन्हा नाव काढणार नाही." कांतारी म्हणजे ती बोटाच्या पेरापेक्षा लहान मिरची, जिने पैलवान रडतो. सारांनी अंडं भरलं, भोक मेणाने बुजवलं आणि ठेवून दिलं. कोंबडीने ते चवीने खाल्लं आणि मान वर करून सारांकडे पाहिलं. आणखी आहे का, असं विचारल्यासारखं. सारांनी हट्टाने आणखी अंडी भरली. त्यातलं एक चुकून टोपलीत गेलं. त्याच दिवशी वॉर्डाचे मेंबर दिवाकरन तयारी बघायला आले होते आणि थ्रेस्याने कौतुकाने, बोलण्याच्या नादात अंडी न बघताच फोडून, त्यांच्यासाठी ऑम्लेट केलं. मेंबरांनी पहिला घास घेतला. पुढचं वर्णन नको. एवढंच सांगतो, त्यांनी पतिमुखमचा जग तोंडाला लावला तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"चेची," ते डोळे पुसत थ्रेस्याला म्हणाले, "योजना चांगली आहे हो. पण कालव्यापलीकडचेही सारखे विचारताहेत."

मेंबर गेल्यावर थ्रेस्या पायरीवर बसली. ओरडली नाही, रडलीही नाही. सारांना ते जास्त लागलं.

"मी उद्याच जनावरांच्या दवाखान्यात जातो," ते म्हणाले.

गेले. टोपलीत कोंबडी घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "आजार काय?"

"टोचते."

"टोचणं हा आजार नाही. ती वागणूक आहे."

"मग वागणुकीचा इलाज कुठे होतो?"

"वागणुकीचा सरकारी इलाज नाही, सार. हिला जखम आहे का?"

"हिला नाही. हिने केलेल्या जखमा घरी आहेत."

"मग जखमा घेऊन या. गुन्हेगाराला कशाला आणलंत?"

पाणीखात्यात असताना सारांनी स्वतः अशी उत्तरं शेकड्याने दिली होती, पण खिडकीच्या या बाजूने ती किती लागतात हे त्यांना आजच कळलं. शेवटी डॉक्टर शाहिना बाहेर आल्या आणि उभ्या उभ्या बोलल्या. जखमी कोंबड्या वेगळ्या ठेवा, जागा वाढवा, भाजीपाला टांगा म्हणजे चाळा लागेल, जखमेला हे जांभळं औषध लावा. "कुठून रक्त येतंय किंवा काही लाल दिसतंय का तेही बघा, लाल दिसलं की त्या टोचतातच. आणि पाणी नीट देताय ना?"

"पाणी?" सारांनी छाती काढली. "मॅडम, मी पाणीखात्यात होतो!"

यापुढे डॉक्टर काय विचारणार? त्यांनी मान डोलावली. तपासणी शनिवारी, असं सांगून त्या आत गेल्या.

शनिवार उजाडला. सार पहाटेपासून भारलेले. जागा वाढवली होती, उरलेसुरले चष्मे काढले होते, कोबी टांगला होता, अगदी बिनशेपटीच्या कोंबड्या जांभळं औषध लावून मागच्या टोपलीखाली झाकल्या होत्या. स्वतः जरीकाठाचा नवाकोरा पांढरा मुंडू, म्हणजे तिकडची लुंगी, नेसले. गटाच्या बायका जमल्या, पोरिंचू आले, भार्गवीचेची आल्या. थ्रेस्या कडक इस्त्रीची साडी नेसली होती.

"आज काही बोलू नका हं," ती हळूच म्हणाली. "एवढं करा माझ्यासाठी. डॉक्टर विचारतील ते मी सांगते."

"मी कशाला बोलतोय?" सार म्हणाले आणि शेवटची तपासणी म्हणून पिंपाचा नळ पूर्ण सोडायला गेले. मागे सांधा फटकन सुटला. लाल पाण्याची पिचकारी थेट मुंडूच्या मागच्या बाजूला बसली. गार लागलं, पण मागे वळून बघणार तोच फाटक वाजलं. डॉक्टर आणि मेंबर आत येत होते.

"या, या!" म्हणत सारांनी हसऱ्या तोंडाने खुराड्याचं दार उघडलं.

कोंबड्या बाहेर आल्या. टांगलेल्या कोबीकडे त्यांनी बघितलं नाही, एकमेकींकडे बघितलं नाही. क्षणभर सगळ्या थबकल्या, आणि मग अख्खा ताफा चाक्कुण्णीसारांच्या पार्श्वभागावर तुटून पडला!

"अय्यो!" सार उडाले. पुढे सार, मागे कोंबड्या. जायफळाच्या झाडाला एक फेरी, विहिरीला एक फेरी. मुंडू धरावा तर पळता येत नाही, पळावं तर मुंडू सुटतो. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, मग पदरही सुटले. टोपली लाथ लागून उलटली आणि जांभळ्या बिनशेपटीच्या कोंबड्याही सगळ्यांच्या देखत बाहेर आल्या. हसली नाही ती एकटी थ्रेस्या.

मेंबर दिवाकरन दोन पावलं मागे सरले. "डॉक्टर, या कोंबड्या घरोघरी वाटायच्या? लोकांच्या घरात लहान मुलं आहेत हो!"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "मला वाईट वाटतं, थ्रेस्याचेची. पण अशा परिस्थितीत..."

थ्रेस्याने मान खाली घातली. "चूक माझीच आहे," ती म्हणाली. "शब्द मी दिला होता."

सार विहिरीच्या कठड्यावर चढून उभे होते. खालून कोंबड्या उड्या मारत होत्या. तिथून त्यांना बायकोची वाकलेली मान दिसली. मग त्यांनी मुंडू पुढे ओढून बघितला. कोरडा भाग पांढरा, ओला भाग गुलाबी. टोचे सगळे गुलाबी भागात! पांढऱ्यावर एक नाही!

"पाणी!" सार किंचाळले. "पाणी! पाणी!"

पोरिंचू धावत आत गेले आणि ग्लास घेऊन आले. सारांनी तो हातात घेतला, उन्हात धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते पाणी लाल दिसलं.

"हेच! अहो, हेच! नळी ठिबकते यांच्या शेपटांवर! पांढऱ्या शेपटांवर लाल डाग! तुम्हीच म्हणालात डॉक्टर, लाल दिसलं की टोचतात! कोंबड्या चांगल्या आहेत, माझ्या बायकोच्या कोंबड्या एकदम चांगल्या आहेत! नालायक मी आहे!"

डॉक्टर शाहिना विचारात पडल्या. "शक्य आहे, सार. पण एवढ्यावर मी सही कशी करू? कदाचित यांचा राग फक्त तुमच्यावरच असेल."

जमलेल्या सगळ्यांना हेच जास्त पटलं.

"मग प्रयोग करा!" सार कठड्यावरून खाली उतरले. "कोरा मुंडू आणा. डावीकडे साधं पाणी शिंपडा, उजवीकडे पतिमुखमचं. आणि कोणीतरी खुराड्यात उभं राहा. मेंबर, तुम्ही?"

मेंबरांना एकदम फोन आला. पोरिंचूंनी चिंधी बांधलेलं बोट वर केलं. भार्गवीचेची म्हणाल्या, "मी बाई माणूस." कोंबड्या पुन्हा खुराड्यात जमवल्या होत्या आणि जाळीतून एकटक बघत होत्या.

"राहू द्या हो," थ्रेस्या पुढे आली. "जाऊ द्या ती योजना. आधीच रक्त आलंय तुम्हाला."

"डावीकडे विहिरीचं पाणी," सार म्हणाले. "कच्चं." आणि कोरा मुंडू नेसून, दोन्हीकडे भिजवून, ते खुराड्यात शिरले आणि जाळीला धरून पाठमोरे उभे राहिले.

सगळे जाळीभोवती गोळा झाले. पहिली कोंबडी आली. मान तिरकी केली.

"उजवीकडे!" सार ओरडले. "आई गं! डॉक्टर, उजवीकडे!"

दुसरी आली. "पुन्हा उजवीकडे! अय्यो! लिहा, लिहा!" तिसरी, चौथी, मग सगळ्याच. "उजवीकडे! बघा, डावीकडे कोणी नाही! वा रे माझ्या राण्यांनो! अगागा! उजवीकडेच!" बायका आता जाळीला लगडून टाळ्या पिटत होत्या. पोरिंचू कुंपणावर चढून "उजवीकडे!" म्हणून ओरडत होते. डॉक्टर शाहिना हसता हसता सही करत होत्या, कागद हलत होता. डावीकडे शेवटपर्यंत एकही टोचा बसला नाही.

योजना थ्रेस्याच्या वॉर्डाला मिळाली. डॉक्टरांनी जाताना एकच अट घातली, कोंबड्यांना साधं पाणी, आणि नळी आजच काढायची. बायकांनी थ्रेस्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. सगळे गेल्यावर परस शांत झालं. कोंबड्या जायफळांखाली निवांत माती उकरत होत्या. सार पडवीत खांबाला धरून उभे होते, कारण बसणं शक्य नव्हतं. थ्रेस्याने आधी जांभळं औषध आणलं, मग चहा आणला. चहा त्यांनी उभ्यानेच घेतला.

"खूप दुखतंय?" तिने विचारलं.

"छे! डावी बाजू ठणठणीत आहे," सार म्हणाले. "थ्रेस्या, मी तुझी अख्खी योजना बुडवत होतो गं."

थ्रेस्या हसायला लागली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या एखाद्या कामात तुम्ही गप्प राहिलात, असं आज पहिल्यांदा झालं."

"गप्प? अगं, सगळा वॉर्ड ऐकत होता. मी बोंबलत होतो!"

"हो," ती म्हणाली. "बोंबललात. पण सल्ला नाही दिलात."